तिची उधारीची वही



माझी बायको कोंढव्यात घरीच शिवणकाम करायची. ब्लाऊज, फॉल, पिको. मी इंजिनिअर; हिशेबाला ॲप बनवून दिलं. तिनं वापरलं नाही. म्हणाली, "तुमचं ॲप तगादा लावतं."

तिच्या इंतकालानंतर वही उघडली. बरीच उधारी निघाली. वाटलं, सगळी माफ करावी. पण शरियतप्रमाणे बायकोची कमाई तिचीच. मागे मूल असेल तर नवऱ्याचा वाटा फक्त एक चतुर्थांश. तेवढाच मी माफ केला. लहान मुलीचा वाटा सोडण्याचा हक्क मला नाही.

ती होती तेव्हा मी त्याला 'घरखर्चाला हातभार' म्हणायचो. तो तिचा धंदा होता. तिला एकदा तरी तसं म्हणायला हवं होतं. तुम्ही आजच म्हणा.