काला अंबजवळचं जेवण: कुसकुस, दलिया आणि चप्पन कद्दू

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं की कर्नल, तुम्ही लढायांवर बोलता बोलता स्वयंपाकावर कुठे घसरलात? तर घसरलो नाही. मी पायदळातला माणूस, पण बटालियनमध्ये काही वर्षं क्वार्टरमास्टर होतो. क्वार्टरमास्टरला लढाई नकाशावर कमी आणि कोठारात जास्त दिसते. आज जिथून बोलतोय ते काला अंबच्या स्मारकाजवळचं एक शेत आहे. मागे ट्यूबवेलचा आवाज येईल, तो चालवून घ्या.

काला अंब म्हणजे पानिपत शहराबाहेर उग्राखेडीच्या बाजूला असलेली ती जागा. विटांचा स्तंभ, भोवती बाग, कुंपण. इथे एक आंब्याचं झाड होतं आणि रक्ताने त्याची पानं काळी पडली अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. दर १४ जानेवारीला इथे माणसं जमतात. हरियाणातले रोड समाजाचे लोक, जे स्वतःला मराठा म्हणवतात, ते येतात आणि महाराष्ट्रातून बसगाड्या भरून आपली मंडळी येतात. गेल्या १४ जानेवारीला अशाच एका बसच्या जेवणाचा शब्द मी दिला होता. दीडशे माणसं. आणि ते जेवण मी बिघडवलं. आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी कुसकुस माझ्या डोक्यात कुठून आला ते सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या लेबनॉनमधल्या शांतिसेनेत १९९८ पासून भारतीय बटालियन आहे. दक्षिण लेबनॉनमध्ये, एबेल अस-साकी गावाच्या परिसरात. मी तिथे असताना एका घरी जेवायला बोलावलं. परातीत साबुदाण्याहून मोठे, गोल, गव्हाचे दाणे. त्यावर छोले, अख्खे छोटे कांदे आणि कोंबडी. त्याला ते मोग्राबिए म्हणतात, म्हणजे मगरिबचं, पश्चिमेकडचं. शेजारच्या ताटात हिरवे, बोटभर लांब भोपळे, आतून कोरून भात आणि खिमा भरलेले. त्या भाजीचं नाव कूसा. मी आपला दोन दिवस समजत होतो की कूसावरूनच कुसकुस. काही संबंध नाही. कुसकुस हा उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचा शब्द.

खरा कुसकुस त्यांचाच. अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून २०२० साली तो युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नेला. करतात कसा? ड्यूरम गव्हाचा, म्हणजे आपल्याकडच्या बन्सीचा, जाड रवा परातीत घ्यायचा. त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, थोडं पीठ भुरभुरायचं आणि तळहाताने गोल गोल फिरवत राहायचं. रव्याच्या कणाभोवती पीठ चिकटून बारीक दाणे होतात. मग चाळायचे, वाळवायचे. आपल्या आज्या लग्नाआधी बसून गव्हले करायच्या ना, खिरीसाठी? त्यांच्या बोटांना हे काम दोन मिनिटांत जमलं असतं. गव्हले वळतात, हा घोळवतात, एवढाच फरक.

आणि शिजवायचं भांडं म्हणजे चक्क मोदकपात्र. खाली रस्सा उकळतो, वर भोकाच्या भांड्यात कुसकुस. वाफेवर शिजतो, काढून परातीत मोकळा करतात, तेल-पाण्याचा हात लावतात, परत वाफेला ठेवतात. असं दोनदा, तिनदा. बाजारात डब्यात मिळतो तो आधीच वाफवून वाळवलेला असतो, म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतलं की पाच मिनिटांत होतो. घरी चार माणसांना हे चालतं. एक वाटी कुसकुस, सव्वा वाटी उकळतं पाणी, मीठ, चमचाभर तेल, झाकण. पाच मिनिटांनी काट्याने मोकळा करा, चमच्याने नाही, चमच्याने त्याचा सांजा होतो.

आता चप्पन कद्दू. पुण्यामुंबईत झुकिनी म्हणून मॉलमध्ये महाग मिळते, तिचाच हा भाऊ. इंग्रजीत समर स्क्वॉश. मूळ अमेरिका खंडातलं, आणि झुकिनीचा लांबट आकार इटलीतल्या लोकांनी नंतर घडवला. इथे पानिपत-कर्नालच्या मधे घरौंड्याला इस्रायलच्या सहकार्याने भाजीपाल्याचं उत्कृष्टता केंद्र आहे, २०११ पासून. त्याचा या पट्ट्यावर परिणाम दिसतो. थंडीत शेतकरी प्लास्टिकच्या बुटक्या बोगद्याखाली हे लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आझादपूर मंडीला पाठवतात. पॉलिहाऊसवाल्यांकडे जानेवारीतही असतो. ज्यांच्या शेतात बसलोय ते चौधरीसाहेब म्हणतात, "कर्नल साब, इसमें एक दिन की देर, और माल भैंस का।" खरं आहे. फूल गळल्यावर चार-पाच दिवसांत तोडावा लागतो. रोज नाही तर एक दिवसाआड. राहिला तर मुसळासारखा होतो, साल जाड, आत बिया, आणि मंडीत कोणी हात लावत नाही.

घेताना वीतभर लांबीचा, चकचकीत, नख सहज रुतेल असा घ्या. साल काढू नका. आणि कापल्या कापल्या प्रत्येकाची एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका आणि ते फळ फेकून द्या. दुधी, दोडका, काकडी, हे सगळं एकच खानदान. कडूपणा ज्या द्रव्याचा असतो ते विषारी आहे आणि शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. मी लांगऱ्याला सांगायचो, चव घेतल्याशिवाय डेगमध्ये काही जाणार नाही. मोठ्या डेगमध्ये एक कडू फळ म्हणजे अख्खी कंपनी आजारी.

तर गेल्या १४ जानेवारीचं. दीडशे माणसांना माणशी ७५ ग्रॅम धरून बारा किलो कुसकुस. परदेशी डबे घेतले, किंमत सांगत नाही, आमच्या हिने ती अजून वर्षभर ऐकवायची ठरवली आहे. पंधरा किलो चप्पन कद्दू. पहाटे पाचला चूल पेटवली, सहाला भाजी चढवली, कारण बस नऊला येणार होती. धुकं पडलं. जानेवारीतलं इथलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बस आली एक वाजता.

या भाजीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी. मी सुरुवातीलाच मीठ घातलं होतं, त्याने सगळं पाणी सोडलं, आणि मग ती सात तास गरम डेगमध्ये बसली. झाकण उघडलं तर हिरवट पेज. कुसकुसचं त्याहून वाईट. बारा किलो एकाच डेगमध्ये घालून वरून उकळतं पाणी ओतलं होतं. चार माणसांचं गणित चाळीसने गुणून चालत नाही, हे मी तरुण अधिकाऱ्यांना शिकवत आलो आणि स्वतः विसरलो. खालचा थर खळ झाला, वरचा कोरडा वाळूसारखा.

साताऱ्याकडच्या एक आजी होत्या बसमध्ये. ऐंशीच्या घरातल्या. ताटात बघितलं, दोन घास खाल्ले, काही बोलल्या नाहीत. हात धुताना मला म्हणाल्या, "साहेब, इथं आलेल्या माणसाला तरी पोटभर घालावं हो." रागाने नाही. पण मला ते गोळीसारखं लागलं. कारण इथली माणसं कशाने खचली ते मला पाठ आहे.

थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतलं, तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्याच्या शेवटी अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो आपल्या आणि दिल्लीच्या मधे आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारीपर्यंत मोजा, पंचाहत्तर दिवसांच्या आसपास. छावणीत लढणारे, बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. आकड्यांवर वाद आहेत, म्हणून मी नुसता हिशेबासाठी एक लाख धरतो. माणशी अर्धा किलो धान्य म्हणजे रोज पाचशे क्विंटल. बैलाच्या पाठीवर एक क्विंटल, म्हणजे रोज पाचशे बैल छावणीत शिरले पाहिजेत. पंचाहत्तर दिवसांचे साडेसदतीस हजार बैल. घोड्यांची चंदी-वैरण यात धरलेलीच नाही, आणि घोडा माणसापेक्षा कितीतरी जास्त खातो. सरपण धरलेलं नाही. पतियाळ्याच्या आला सिंगाकडून काही काळ धान्य येत होतं, ते थांबलं. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते, ते डिसेंबरात मारले गेले. काशीराज पंडित, जो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, त्याने लिहून ठेवलंय की शेवटी सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. उरलंसुरलं धान्य वाटलं गेलं, लोक एकदा पोटभर जेवले आणि पहाटे बाहेर पडले.

पानिपत केवळ भुकेने गेलं असं मी म्हणणार नाही; तसं म्हणणं आळशीपणाचं आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत आपण चांगले लढलो. पण उपाशी घोडा धावा करू शकत नाही, हे कुठल्याही घोडदळवाल्याला विचारा.

तर त्या दिवशी आमची लाज राखली चौधरीसाहेबांच्या घराने. भाभीजींनी आणि शेजारच्या तीन घरांतल्या बायकांनी दीड तासात बाजऱ्याची खिचडी, सरसोंचा साग आणि ताक उभं केलं. आजी दोनदा खिचडी घेऊन जेवल्या. मी त्यांना वाढलं.

त्यानंतर वर्षभर मी घरी आणि इथे मिळून सात-आठ वेळा ही मोहीम केली. आता काय बदललं ते सांगतो.

पहिलं, कुसकुस सोडला आणि बारीक दलिया घेतला. दोन्ही गहूच, पण कुसकुस रव्यापासून घोळवलेला आणि दलिया नुसता भरडलेला. दलिया इथे कुठल्याही किराण्यात मिळतो. त्याला कुसकुससारखं वागवायचं: थोड्या तेलावर खमंग भाजायचा, बरोबरीचं कोमट मीठपाणी घालून वीस मिनिटं झाकायचा, मग तेलाचा हात लावून मोकळा करून वाफेवर पंचवीस मिनिटं. पाण्यात शिजवायचा नाही. दाणा दाण्यापासून सुटा राहतो आणि दोन तास झाकून ठेवला तरी सुटाच राहतो. उशीर झाला तर पाण्याचा हबका मारून दहा मिनिटं परत वाफ. धुक्यावर हा माझा उतारा.

दुसरं, भांडं. दीडशे जणांचं मोदकपात्र कुठून आणणार? दिल्लीच्या गल्लोगल्ली मोमोवाले जे अ‍ॅल्युमिनियमचे मजल्यांचे स्टीमर वापरतात, ते आणले. चार मजले, प्रत्येकात ओलं मलमल आणि दीड किलो दलिया. दोन खेपांत बारा किलो. ही कल्पना नातीची.

तिसरं, रस्सा. मोरोक्कोत सात भाज्यांचा करतात, आणि जानेवारीत हरियाणात त्यातलं सगळं मिळतं. रात्री भिजवलेले छोले आधी शिजवून घ्या. मोठ्या डेगमध्ये तेल, जिरे, कांदा, आलं, धनेपूड, हळद, दालचिनीचा तुकडा, टोमॅटो. मग शलगम आणि लाल गाजर, मोठे तुकडे, त्यांना वीस मिनिटं. नंतर कोबी आणि लाल भोपळा, बारा मिनिटं. मग छोले. मीठ या रश्शात. हा रस्सा सकाळी करून ठेवला तरी बिघडत नाही, उलट मुरतो.

आणि चप्पन कद्दू रश्शात शिजवायचाच नाही. दोन सेंटिमीटर जाड फोडी, पुसून कोरड्या. कढई चांगली तापवायची, तेल, आणि एका वेळी तळ झाकेल एवढ्याच फोडी. दोन्ही बाजूंना डाग पडेपर्यंत, तीन-चार मिनिटं. मीठ उतरवताना. त्या परातीत पसरून ठेवायच्या, ढीग करायचा नाही, ढिगात त्या स्वतःच्याच वाफेने मऊ होतात. वाढताना ताटात दलिया, त्यावर रस्सा, वर या फोडी, बाजूला लसणाचा ठेचा. तिकडे हरिसा देतात, पण साताऱ्याच्या माणसाला ठेचाच द्या. बस फाटकात शिरली की कढई तापवायची, आधी नाही. तीन कढया लावल्या तर पंधरा किलो होतात. पंगत बसेपर्यंत पहिला घाणा तयार असतो.

घरी चार जणांसाठी करणार असाल तर दोन वाट्या दलिया, तीन मध्यम चप्पन कद्दू, बाकी अंदाजाने. चप्पन कद्दू मिळाला नाही तर कोवळा दुधी चालेल, फक्त साल काढा. घोसाळं चालणार नाही, मी करून पाहिलं.

या १४ जानेवारीला तीच बस परत येते आहे. छोले रात्री नऊला भिजतील, रस्सा सकाळी सातला चढेल, दलिया भाजून, मोजून, पिशव्यांत भरून ठेवला आहे. बाजऱ्याची खिचडीही असणार, भाभीजींनी बजावलं आहे, "आपका वो मोमो वाला दलिया आप खिलाओ, खिचड़ी तो बनेगी।" आजींच्या घरी फोन केला होता. गुडघे दुखतात म्हणाल्या, पण येते.