फौजीकाकांची सूट

मी निवृत्त फौजी. नोकरीत देशभर फिरलो, आता भिलाईला हथखोजमध्ये राहतो. हथखोज म्हणजे कारखाने, लोखंड लादलेले ट्रेलर आणि दिवसभराची ठोकाठोक. त्या आवाजात माझी पत्नी गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्यांचे थर, वर धावदोऱ्याचे बारीक टाके. आपल्या आज्या शिवायच्या तीच ही गोधडी.

एका वर्षी आम्ही राजिमच्या मेळ्यात दुकान मांडलं. राजिम आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तिथे संगम आहे. नदीच्या पात्रातच कुलेश्वर महादेवाचं देऊळ आहे, आणि माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथे मोठी जत्रा भरते. आम्ही पाच दिवसांसाठी गेलो. सोबत 8 मोठ्या गोधड्या आणि 14 बाळगोधड्या. किमती पत्नीने ठरवल्या: मोठी 2200, लहान 900.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही गोधडी खपली नाही. लोक यायचे, हात लावून बघायचे, पुढे जायचे. आता खरं सांगतो, मला ते सहन होईना. जन्मभर हुकूम दिलेला माणूस मी, "या, बघा" म्हणताना जीभ अडखळायची. इतक्यात एका बाईंनी विचारलं, "कमी नाही का होणार?" मी म्हटलं, "द्या 500." पत्नी पाणी आणायला गेली होती. मग काय, बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत 9 बाळगोधड्या गेल्या. मी खूश! मनात म्हटलं, आपल्याला पेन्शन आहे, नफा हवाय कुणाला? गरिबाच्या बाळाला ऊब मिळाली.

आमच्या शेजारी कोंडागावचा एक घडवा कारागीर ढोकरा कामाच्या मूर्ती घेऊन बसला होता. सोबत त्याचा मुलगा. माझ्याकडून गोधडी घेतलेली माणसं तिथे जाऊन म्हणायची, "फौजी कका जवळजवळ निम्म्यात देतात, तू का नाही?" तो मान हलवायचा. दिवसभरात त्याची एक दिवटी विकली गेली.

रात्री बापलेक हलबीत बोलत होते. बस्तरची ही बोली मराठी कानाला बरीच कळते. 'काय' तिथेही 'काय'च असतं. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. बाप मुलाला समजावत होता, की शेजारच्याचं पोट यावर नाही, म्हणून त्याला परवडतं. रागाने नाही, सरळ हिशेब म्हणून सांगत होता.

सकाळी मी त्याच्यापाशी जाऊन बसलो आणि विचारलं, हे करता कसं? तो म्हणाला, आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचे दोरे गुंडाळून सगळं नक्षीकाम करायचं. वरून पुन्हा मातीचा लेप. मग भट्टीत तापवलं की मेण वितळून निघतं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ जातं. शेवटी साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. बिघडली, तर पुन्हा मातीपासून सुरुवात. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तकी घडवली गेली तीही मेण वितळवण्याच्या याच पद्धतीने. इतकी जुनी विद्या, आणि आदल्या दिवशी तिचा भाव कुणी पाडला? मी.

पत्नीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, पेन्शन तुम्हाला आहे. माझ्या सुईला नाही." एका बाळगोधडीला ती रोज दोन तास, असे आठ दिवस देते. म्हणजे 16 तास. 500 रुपये भागिले 16, तासाला जेमतेम 31 रुपये. त्यातून दोरा आणि गाडीभाडं वजा करा. मी दानधर्म केला होता, पण तिच्या श्रमातून, आणि तिला न विचारता.

मग आम्ही प्रत्येक गोधडीला चिठ्ठी लावली: किती साड्या, किती दिवस, किती तास, किंमत किती. भाव एकच. उरलेल्या चार दिवसांत 2 मोठ्या आणि 3 लहान गेल्या. 8 घरी परत आणल्या. पण पहिल्या दिवशी 9 नगांचे 4500 आले होते आणि नंतर 5 नगांचे 7100.

शेजाऱ्याचं नुकसान मात्र मला भरून देता आलं नाही. मी एक हत्ती घेतला, सांगितलेल्या किमतीला. त्याने तो कागदात बांधून दिला, जास्त बोलला नाही. शेवटच्या दिवशी पहाटे तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "कका, मुलाला घेऊन संगमावर अंघोळीला जातो. दुकानाकडे लक्ष ठेवाल?" फौजेत मी पुष्कळ ठिकाणी पहारा दिला आहे. तो अर्धा तास मी जागचा हललो नाही.

मंडळी, निवृत्तीनंतर आपल्यापैकी अनेक जण हौस म्हणून लोणची, पिशव्या, चित्रं विकायला बसतात. जरूर बसा. पण स्वस्त देण्याआधी शेजारच्या दुकानाकडे एकदा बघा. तुमची हौस ज्या ओळीत बसली आहे, त्याच ओळीत कुणाची तरी चूल असते. दान करायचंच असेल तर पूर्ण भावाने विका आणि त्या पैशांतून करा.

जय हिंद.