फ्रेंच येत नसताना प्वी द्यू फू

प्वी द्यू फू हे पश्चिम फ्रान्सच्या व्हाँदे भागातले ऐतिहासिक प्रयोगांचे उद्यान आहे. थीम पार्क म्हटले की जे आकाशपाळणे आणि पोटात गोळा आणणारे झुले आठवतात, ते इथे नाहीत. इथे रोमन आखाड्यात रथांची शर्यत लागते, तळ्याच्या पाण्यातून व्हायकिंगांचे जहाज वर येते, ससाणे आणि घुबडे प्रेक्षकांच्या केसांना वारा लागेल इतकी खालून उडतात. पॅरिसजवळच्या डिस्नीलँडमध्ये इंग्रजीवर सगळे निभते. प्वी द्यू फूचा प्रेक्षक मात्र मुख्यतः फ्रेंच आणि संवादही फ्रेंच. म्हणून भाषा न येता फ्रान्स पाहण्याचा विचार करताना हेच उदाहरण घेतलेले बरे.

उद्यानाची सुरुवात एका पडक्या वाड्यापासून झाली. फिलिप द व्हिलिए या तिशीही न गाठलेल्या तरुणाने आसपासच्या गावकऱ्यांना गोळा केले आणि १९७८ च्या उन्हाळ्यात वाड्याच्या परिसरात रात्रीचा प्रयोग उभा केला. एका शेतकरी कुटुंबाच्या पिढ्यान् पिढ्यांची ती कथा. दिवसाचे उद्यान नंतरचे, १९८९ चे. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून वेगवान रेल्वेने आँजे किंवा नाँत गाठायचे आणि पुढे रस्त्याने जायचे, एवढाच प्रवासाचा भाग.

भाषेचा प्रश्न दारातच येतो आणि तो वाटतो त्यापेक्षा सोपा असतो. फ्रान्समध्ये दुकानदाराला, तिकीट तपासणाऱ्याला किंवा बसचालकाला काही विचारण्याआधी ‘बाँझूर’ म्हणायचे असते. तसे न करता थेट इंग्रजीत प्रश्न टाकला की समोरचा माणूस कोरडा होतो, आणि परतलेला प्रवासी फ्रेंच लोक आढ्यतेखोर असल्याचे सांगत सुटतो. मुख्य प्रयोगांचे इंग्रजी भाषांतर उद्यानाच्या ॲपवर ऐकता येते. त्यासाठी स्वतःचे इअरफोन आणि भरलेली बॅटरी लागते. दुपारपर्यंत फोटो काढून बॅटरी संपवणाऱ्याला संध्याकाळचे प्रयोग मुके होतात.

सर्वच प्रयोगांना भाषा सारखी लागत नाही. पक्ष्यांच्या प्रयोगात निवेदन कळले नाही तरी काही बिघडत नाही. रथांच्या शर्यतीत गॉलांच्या बाजूने ओरडायचे की रोमनांच्या, हे शेजारचे फ्रेंच आजोबा हातवाऱ्यांनी शिकवतात. पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दूनच्या खंदकातून चालत जाण्याच्या दालनात पत्रांचा मजकूर निसटतो, पण तोफांचा आवाज कळायला शब्दकोश लागत नाही.

‘ल देर्निए पानाश’ या प्रयोगाची गोष्ट वेगळी. त्यात प्रेक्षागृहच फिरते आणि चहूबाजूंनी रंगमंच उलगडत जातात. नायक शारेत हा नौदलातला अधिकारी. व्हाँदेच्या शेतकऱ्यांनी १७९३ मध्ये क्रांतिकारी सरकारच्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध आणि चर्चवरील निर्बंधांविरुद्ध बंड केले. शारेत त्याचा एक सेनानी झाला आणि १७९६ मध्ये नाँत शहरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. उद्यानातला वाडाही त्याच युद्धात जळला. हे माहीत नसेल तर प्रयोगातून फक्त धूर आणि ज्वाळा लक्षात राहतात. शिवाय ही एका बाजूने सांगितलेली गोष्ट आहे. संस्थापक पुढे उजव्या राजकारणात गेले, १९९५ आणि २००७ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. आणि २०२२ मध्ये चार इतिहासकारांनी पुस्तक लिहून या उद्यानातला इतिहास राजेशाही व चर्चकडे झुकवलेला असल्याची टीका केली. भाषा येत नसली की असा झुकाव कानाला टोचत नाही, देखावाच पुरावा वाटू लागतो. म्हणून जाण्याआधी चार पाने वाचणे, हेच भाषांतर.

शाकाहारी माणसाने ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नये. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघतात. व्हाँदेची मोजेत ही पांढऱ्या घेवड्याची उसळच, पण तीही बहुधा हॅमबरोबर येते. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे पाठ केले की चीजचे गालेत नावाचे धिरडे किंवा ब्रियोश पाव मिळून पोट भरते.

प्वी द्यू फूची सर्वांत मोठी गोष्ट मात्र तिकीटघरावर लिहिलेली नसते. रात्रीच्या प्रयोगातले हजारो कलाकार आणि कामगार आजही बिनपगारी आहेत. गावातला बेकरीवाला सरदार होतो, शिक्षिका घोडा पळवते, निवृत्त आजी पोशाख शिवतात, आणि पोरे आधी मशाली धरायला शिकतात, मग भूमिका मागतात.

जिथे हा कार्यक्रम चालला आहे त्या या शाळेची स्नेहसंमेलनेही एके काळी अशीच उभी राहत. वर्गातले बाक दोरखंडाने बांधून रंगमंच, डालड्याच्या डब्यांत दिवे, त्यांवर लाल-निळा जिलेटीन कागद, आणि मिठाच्या पाण्याच्या पिंपातला डिमर, ज्याच्याजवळ शिपाईमामांशिवाय कुणाला फिरकू देत नसत. आज पाहुणा म्हणून बोलावलेला माजी विद्यार्थी तेव्हा पडदा ओढणाऱ्यांत होता. राजाचे काम कुणी केले, हे आता बॅचमधल्या एकालाही आठवत नाही. पडदा मध्येच अडकला ती संध्याकाळ मात्र सर्वांना आठवते, आणि दोर नेमका कुणाच्या हातात होता हेही.

विद्यार्थ्याने शाळेत असताना निदान एक वर्ष पडद्यामागे काढावे. सतरंज्या घालाव्यात, खिळे ठोकावेत, दुसऱ्याचा मुकुट सांभाळावा. ज्याने हे केले आहे त्याला परदेशातल्या प्रयोगाचे शब्द कळले नाहीत तरी दृश्य का बदलले, दिवा कुठून आला, घोडा कुणाच्या इशाऱ्यावर थांबला, हे कळते. पुढच्या रांगेतल्या पालकांनी पाल्याला ‘तुला स्टेजवर का घेतले नाही’ असे विचारण्याआधी, मागच्या दाराशी बिल्ले लावून उभ्या असलेल्या नववीच्या मुलांकडे एकदा वळून पाहावे. दुपारपासून या सगळ्या खुर्च्या त्यांनी मांडल्या आहेत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीही पारितोषिकांच्या यादीत एक ओळ वाढवावी. यादी त्यांच्याच हातात आहे.

आजच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘पर्यटन क्षेत्रातील संधी’ असा विषय छापला आहे. संधी आहेत. सामान उचलण्याची लाज नसणे आणि एक परकी भाषा येणे, या दोन अटी. त्यातली पहिली अधिक दुर्मीळ.

आणि प्वी द्यू फूला जायचेच असेल तर: तिथला रात्रीचा प्रयोग उन्हाळ्यातल्या ठरावीक रात्रीच होतो, बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. त्याचे तिकीट वेगळे असते आणि ते काही महिने आधी काढावे लागते. तिकडे उन्हाळ्यात अंधार उशिरा पडतो, म्हणून प्रयोग सुरू व्हायलाच रात्रीचे दहा वाजून जातात. उघड्यावर बसायचे असल्याने स्वेटर हवाच. संपल्यावर त्या वेळी परतीची रेल्वे नसते. मुक्काम उद्यानातल्या हॉटेलात किंवा जवळच्या गावात आधीच ठरवावा, आणि गावात असेल तर गाडी कुठे लावली तो खांब तिकिटामागे लिहून ठेवावा.