जामीनदाराची सही
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

चेअरमनसाहेबांनी ‘ज्येष्ठांचे अनुभव’ हा विषय दिलाय. मी बोईसरच्या शाखेत होतो तेव्हा तारापूर एमआयडीसीतले कामगार कर्जाला यायचे. प्रत्येक जामीनदाराला मी बजावायचो, ही सही साक्षीदाराची नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. घरी विचारून या.

मी स्वतः मात्र घरी विचारलं नव्हतं. धाकट्या भावाच्या पतपेढीतल्या कर्जाला जामीन राहिलो. त्याचं दुकान बुडालं आणि सात वर्षं हप्ते मी भरले. पासबुक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मुलीला इंजिनिअरिंगला पुण्याला जायचं होतं. ‘मुलगी लांब नको’ म्हणालो आणि पालघरच्या दांडेकर कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं. कॉलेज उत्तमच, पण मी दिलेलं कारण खोटं होतं. बायकोला वाटायचं, माझं बाहेर कुठंतरी काही आहे. एकदा तिने तसं विचारलंही. मी चिडलो. भावाची अब्रू राखायची म्हणे! खरं तर बँकेतला माणूस असा फसला, ही लाज माझीच होती.

ती गेल्यावर पासबुक मुलीच्या हाती लागलं. म्हणाली, “बाबा, पुण्याचं राहू दे. आईला तरी सांगायचं होतं.”

भाऊ डहाणूला असतो. वहिनीने मोठ्या मनाने माफ केलं, असंच तो अजून समजतोय. येत्या रविवारी मुलीला घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. पासबुक बरोबर घेतोय.