शाळेत ऐकणारा एक माणूस



मला बोलावताना सांगितलं गेलं की विषय मुलांच्या मानसिक आरोग्याचा आहे आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, तर एखादं ॲप सुचवा. ॲप मी सुचवणार नाही. का, ते आधी सांगतो.

सरकारची 'टेलि-मानस' नावाची चोवीस तासांची फोनसेवा आहे. नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. पैसे पडत नाहीत, मराठी, उर्दू, हिंदी अशा भाषांत बोलता येतं. सोय चांगली आहे, नंबर आत्ताच सेव्ह करून घ्या. पण आता गोवंडीतल्या किंवा मुंब्र्यातल्या एका खोलीच्या घरातली सातवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. फोन अब्बूंचा. ते कामावर गेले की फोनही गेला. रात्री ते परततात तेव्हा खोलीत सहा माणसं आणि पडद्यापलीकडे चाची. ही मुलगी कुठे उभी राहून सांगणार की मला झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही?

घरच्यांच्या नजरेबाहेरचे पाच-सहा तास तिला मिळतात ते शाळेत. म्हणून तिच्यासाठीची सेवा शाळेत हवी, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत हवी. खासगी शाळांपैकी काहींत समुपदेशक असतात, फीमध्ये ते बसतं. आपली बरीच मुलं जिथे शिकतात तिथे मात्र ही जागाच नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यात कॉलेजची मुलंही आली. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा. त्याच अहवालात परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ आत्महत्यांमागे नोंदलेलं आहे. म्हणजे सगळा दोष मार्कांवर टाकून मोकळं होता येत नाही. घरातली मारहाण, कर्ज, छळ, आजार, एकटेपणा हे सगळं दप्तराबरोबर वर्गात येतं. आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. नाव ऐकून किंवा आईचा बुरखा पाहून कुणी तरी टोमणा मारतो, 'तुमच्या देशात जा' म्हणतो. मूल हे घरी सांगत नाही, कारण अम्मीला वाईट वाटेल.

मुलं 'मला नैराश्य आहे' असं म्हणत नाहीत. पोट दुखतं म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात. उर्दू माध्यमातला मुलगा 'जी घबराता है' म्हणतो. डबा तसाच परत येतो, वही कोरी राहते, चांगला खेळणारा मुलगा मैदानाच्या कडेला बसून राहतो. हे ओळखायला मोठा डॉक्टर लागत नाही. वेळ असलेला आणि थोडं शिकलेला माणूस लागतो.

मग हे काम शिक्षकांनाच द्या, असं लगेच सुचवलं जातं. मला ते पटत नाही. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम आणि त्यातून उरलेल्या वेळात शिकवणं, अशी आधीच त्यांची अवस्था आहे. शिवाय मार्क देणारा आणि ओरडणारा माणूसही तोच. त्याच्यासमोर मूल मन मोकळं कसं करेल? बिहारमध्ये हे तपासून पाहिलं गेलं आहे. नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग झाला, त्यामागे गोव्याची 'संगाथ' ही संस्था होती. काही शाळांत शिक्षकाकडे जबाबदारी दिली, काही शाळांत प्रशिक्षण दिलेला वेगळा माणूस नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, साधा प्रशिक्षित समुपदेशक होता. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. वेगळा माणूस असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. शिक्षकांना लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण जरूर द्या, पण समुपदेशकाची खुर्ची वेगळी ठेवा.

ही मागणी हवेतली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं, हेल्पलाइनचे नंबर ठळक दिसतील असे लावायचे. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेचा पट शंभरच्या वर आहे का, एवढं आज घरी जाऊन विचारा.

आणि विचारायचं कुठे, तर शाळा व्यवस्थापन समितीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे आपल्या अम्मी, खाला, भाभी तिथे सदस्य असू शकतात. बैठक होते, रजिस्टरवर सही होते, चहा होतो आणि सगळे घरी जातात. तुम्ही एवढंच करा: त्यांच्याबरोबर बसून एक साधा अर्ज लिहा. समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी येणार, दार लावता येईल अशी खोली कोणती आणि गंभीर मुलाला कुठल्या सरकारी दवाखान्यात पाठवणार. इतिवृत्तात हा ठराव लिहिल्याशिवाय सही करू नका म्हणावं. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं, आपल्या भागातलं कुठे आहे तेही त्यातच विचारा.

घरच्यांची भीती मला माहीत आहे. मुलीचं नाव 'वेडी' म्हणून पसरलं तर रिश्ता कसा येणार? म्हणून खोलीला दार हवं असं मी म्हणतोय. गोपनीयता हाही त्याच कायद्यातला हक्क आहे. कुणी दुआ करायला नेत असेल तर नेऊ दे, त्यावरून घरात भांडण नको. फक्त डॉक्टरकडे जाणं त्यासाठी थांबता कामा नये.

तुमच्यातले बरेच जण वस्तीत ट्यूशन घेता, म्हणून शेवटचं. एखादं मूल मरण्याबद्दल बोललं तर चेष्टेवारी नेऊ नका, एकटं सोडू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलतं होतं. ऐकून घ्या, घरातला एक भरवशाचा मोठा माणूस गाठा आणि तुमच्याच फोनवरून १४४१६ लावून द्या.

आता प्रश्न विचारा.