निवडून कोण येईल आणि निवडावे कोणाला?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय दूरदेशीचा असला, तरी त्यातील प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाच आहे. निवडणुकीचा हंगाम आला की कोणत्याही पक्षाच्या कचेरीत एक वाक्य हटकून कानी पडते : ‘माणूस लायक आहे हो, पण तो निवडून यायचा नाही!’ हे वाक्य वरकरणी मोठे व्यवहारी वाटते. त्यात कोणाचा द्वेष दिसत नाही, कोणाची निंदा दिसत नाही. किंबहुना बोलणारा हळहळ व्यक्त करूनच ते बोलत असतो. परंतु उघड वैराला उत्तर देता येते, या हळहळीला उत्तर देता येत नाही. आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते. या वाक्याची फार मोठी परीक्षा २००८ साली अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षात झाली. तिचा वृत्तांत आज आपणापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी एकटे ठरवीत नाहीत. राज्याराज्यांतील मतदार आधी पक्षापुरते मतदान करतात आणि त्या कौलानुसार प्रतिनिधी महाअधिवेशनास जातात. या प्राथमिक निवडणुकीस तेथे ‘प्रायमरी’ म्हणतात. पद्धत लोकशाहीची खरी. परंतु तिचा पूर्वेतिहास निष्कलंक नाही. दक्षिणेत एके काळी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळणे म्हणजेच निवडून येणे होते. म्हणून टेक्साससारख्या राज्यात कृष्णवर्णीयांना प्रायमरीतूनच वगळण्यात आले. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न, असा हा युक्तिवाद होता. आणि १९३५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला! पुढे १९४४ साली ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ या खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला. ज्या दारातून सत्तेकडे जावे लागते ते दार खासगी म्हणवून घेऊ शकत नाही, हे त्या निकालाचे तात्पर्य.

हा प्रश्न आपल्याला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. १९३२ सालच्या पुणे करारात प्राथमिक निवडणुकीचीच तरतूद होती. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्रथम चार उमेदवार निवडावयाचे आणि त्या चौघांतून एकास संयुक्त मतदारसंघाने निवडावयाचे, अशी ती योजना होती. आपल्या माणसांनी ज्याला पहिला मान दिला तोच शेवटी निवडून येईल, याची हमी त्यात नव्हती. बहुसंख्यांना जो अधिक रुचेल तो पुढे जाणार, हे उघड होते. डॉ. आंबेडकरांनी पुढे या व्यवस्थेवर जी टीका केली, तिचे मर्म येथेच आहे. ‘कोण निवडून येईल’ या प्रश्नाच्या पोटात ‘कोणाला कोण चालेल’ हा प्रश्न दडलेला असतो, तो असा.

आता २००८ कडे वळू. सामना हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात होता. एकीकडे स्त्री, दुसरीकडे कृष्णवर्णीय. दोघांपैकी कोणीही जिंकले तरी इतिहास घडणार होता. २००७ साली कृष्णवर्णीय मतदारांतही क्लिंटन यांना मोठा पाठिंबा होता. त्याचे एक कारण त्या घराण्याविषयीचा स्नेह, आणि दुसरे कारण तेच जुने वाक्य : ‘आपला माणूस चांगला, पण गोरे लोक त्याला मत देतील काय?’ अन्याय सोसणाऱ्यानेच अन्यायाचा हिशेब आधी धरावा आणि आपल्या माणसास आपणच बाजूला सारावे, याहून करुण गोष्ट कोणती!

त्यानंतर ३ जानेवारी २००८ रोजी आयोवा राज्याचा कौल आला. या राज्यात शंभरांत नव्वदांहून अधिक लोक गोरे. आणि तेथे ओबामा पहिले आले. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन जिंकल्या, हे खरे. परंतु आयोवाने एका भाकिताचा पाया काढून घेतला होता. २६ जानेवारीस साउथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मते पडली. त्या दिवशी माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आठवण करून दिली की, जेसी जॅक्सन यांनीही १९८४ व १९८८ साली हे राज्य जिंकले होते. वाक्य वस्तुस्थितीला धरून होते. परंतु त्याचा रोख ‘हा कृष्णवर्णीयांचा उमेदवार, देशाचा नव्हे’ असा आहे, असे अनेकांना वाटले आणि त्यावरून वादळ उठले. पुढे मे महिन्यात खुद्द हिलरी क्लिंटन यांनी, कष्टकरी गोऱ्या मतदारांत ओबामांचा पाठिंबा ओसरत आहे, असे एका वृत्ताचा हवाला देऊन सांगितले आणि आपला पाया अधिक व्यापक असल्याचा दावा केला.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. निवडून येण्याचा विचार करणे हे पाप नव्हे. जो पक्ष निवडणूक हरतो त्याचा जाहीरनामा कपाटातच राहतो. शिवाय भीती अगदीच निराधार नव्हती. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय उमेदवार चाचण्यांत पुढे होते आणि मतपेटीत थोडक्या मतांनी मागे पडले. लोक तोंडाने एक सांगतात आणि पडद्याआड दुसरेच करतात, असा धडा अनेकांनी त्यातून घेतला होता. आणि क्लिंटन यांनाही कमी सोसावे लागले नाही. त्यांच्या हसण्याची, आवाजाची, पोशाखाची जी चिकित्सा झाली, ती पुरुष उमेदवाराची कोणी करीत नव्हते. ‘स्त्री निवडून येईल काय’ हेही त्याच जातीचे वाक्य होय.

मग न्याय कशात? माझ्या मते तीन कसोट्या आहेत. पहिली : मोजमाप सर्वांना एकच आहे काय? उमेदवाराचा अनुभव, त्याचे वर्तन, त्याची संघटना, त्याचे धोरण यांवरून त्याच्या विजयाचा अंदाज बांधणे न्याय्य आहे. कारण या गोष्टी त्याच्या हातच्या आहेत. परंतु कातडीचा रंग, जन्म वा लिंग त्याच्या हातचे नाही. ते उणे खात्यात लिहिले की दुसऱ्याचा पूर्वग्रह आपणच वसूल करून देतो.

दुसरी : आपण सांगतो ते अनुभवाने सिद्ध झाले आहे की नुसते गृहीत आहे? १३ मे रोजी वेस्ट व्हर्जिनियात क्लिंटन यांना ६७ टक्के मते मिळाली, तेव्हा नोव्हेंबरात गोरी मते पक्षाकडून जातील असे भाकीत झाले. ४ नोव्हेंबरला वेस्ट व्हर्जिनिया खरोखरच गेले. परंतु १९६४ नंतर पक्षाला कधी न मिळालेली इंडियाना आणि व्हर्जिनिया ही राज्ये मिळाली. मतदानोत्तर पाहणीनुसार गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्क्यांनी ओबामांना मत दिले. २००४ साली जॉन केरी या गोऱ्या उमेदवारास ४१ टक्के मिळाली होती. ओबामा ३६५ निर्वाचक मतांनी अध्यक्ष झाले. त्या सप्टेंबरात कोसळलेल्या अर्थव्यवस्थेचा हात या विजयाला लागला, हे मान्य केलेच पाहिजे. क्लिंटनही कदाचित जिंकल्या असत्या. पण ‘हा निवडून येऊच शकत नाही’ हे विधान मात्र खोटे ठरले, यात शंका नाही.

तिसरी कसोटी नियमांची. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत. मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी पक्षाने नेमलेल्या मुदतीआधी मतदान घेतले, म्हणून त्यांचे प्रतिनिधी रद्द झाले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामांनी आपले नाव काढून घेतले होते. नंतर ती मते पूर्ण मोजावीत, अशी मागणी क्लिंटन यांच्या पक्षाने केली. मतदारांचा दोष काय, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. पण ज्या मतपत्रिकेवर प्रतिस्पर्ध्याचे नावच नाही तिच्यावरून कौल कसा मानावा, हा प्रतिप्रश्नही तितकाच खरा होता. ३१ मे रोजी पक्षाच्या नियमसमितीने प्रत्येक प्रतिनिधीस अर्धे मत दिले. कोणाचेच पूर्ण समाधान न करणारी, तरी दोघांनाही पाळता येईल अशी ही तडजोड होती.

त्याखेरीज सुमारे एक-पंचमांश प्रतिनिधी मतदारांनी निवडलेले नसून पदामुळे आलेले होते. ‘अधिक निवडून येणारा’ कोण, हे त्यांनी ठरवावे व जनतेचा कौल फिरवावा, असा आग्रह अखेरपर्यंत चालला. त्यांनी तसे केले नाही, आणि ३ जूनला ओबामांची उमेदवारी निश्चित झाली. ७ जूनला क्लिंटन यांनी आपल्या सुमारे १ कोटी ८० लाख मतदारांचा उल्लेख करून, ओबामांना मनःपूर्वक पाठिंबा जाहीर केला. प्रक्रिया न्याय्य वाटली तरच हरलेला असा उदारपणे हरू शकतो. २०१८ साली पक्षाने या पदसिद्ध प्रतिनिधींचा चुरशीच्या लढतीतील पहिल्या फेरीचा मताधिकार काढून घेतला, तो उगाच नव्हे.

बंधुभगिनींनो, भाकीत करणारा स्वतःला नुसता साक्षीदार समजतो. ‘माझे काही नाही, लोक मानणार नाहीत,’ असे तो म्हणतो. पण ते लोक म्हणजे कोण? आयोवाच्या थंडीत त्या रात्री जे घराबाहेर पडले, तेही लोकच होते. त्यांनी शेजाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज केला नाही. आपल्या मनात काय आहे ते सांगितले आणि शेजारी थक्क झाला. पुढच्या खेपेस आपल्या गावात कोणी म्हणेल, ‘माणूस लायक आहे हो, पण…’ तेव्हा त्याला एवढेच विचारा : ‘लोकांचे राहू द्या, तुमचे मत कोणाला?’ त्या प्रश्नाला तो जे उत्तर देईल, तेथूनच खरी निवडणूक सुरू होते.