वॅट मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा



भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन खात्याची मुद्रा आपण पाहिली असेल. परंतु विजेचें माप घेणारें जें यंत्र, त्याची परीक्षा कोण करतो व कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मींही तो फार उशिरां विचारला, आणि त्याची किंमत दुसऱ्यानें दिली.

दुरुस्त होऊन आलेला एक ट्रान्सफॉर्मर भाराविना चालवून त्यांत किती शक्ति वायां जाते, तें मोजून देण्याचें काम एकदां मजकडे आलें. करारांतील मर्यादा १०५ वॅटांची. माझ्या मापकानें ९५ दाखविले. मीं निःशंकपणें सही केली, मालकानें कारागिराचे पैसे चुकते केले. पुढें दुसऱ्या यंत्रानें मोजतां खरा आंकडा ११५ निघाला!

आतां गंमत अशी कीं, माझा मापक दाब बरोबर सांगत होता आणि प्रवाहही: २३० व्होल्ट व ५ अँपिअर. दोहोंचा गुणाकार ११५०. परंतु आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० वेळां हेलकावे खाते, आणि तारेची गुंडाळी असलेल्या उपकरणांत प्रवाहाचा हेलकावा दाबाच्या मागें पडतो. हें मागें पडणें कोनानें मोजतात. वरील गुणाकाराला त्या कोनाच्या कोज्येनें गुणलें म्हणजे खरी शक्ति मिळते. इलेक्ट्रॉनिक मापक सेकंदाला हजारों वेळां दाब व प्रवाह टिपून, गुणून, त्यांची सरासरी काढतो. मात्र प्रवाहाची वार्ता त्याला तारेभोंवतीं बसविलेल्या चिमट्याकडून कळते, आणि चिमट्यांतील गुंडाळीही हेलकाव्याला किंचित् सरकविते. माझा चिमटा एका अंशानें चुकत होता. विजेच्या शेगडींत कोन शून्य असतो. तेथें या एका अंशानें ११५० वॅटांत पाव वॅटाचाही फरक पडत नाहीं. कोन ६० अंश असेल तर ५७५ ऐवजीं ५५७.५ दिसतील. आणि भाराविना चालणाऱ्या त्या ट्रान्सफॉर्मरप्रमाणें कोन ८४ अंशांपलीकडे गेला, कीं शंभरांमागें सतरा वॅट नाहींसे!

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेंत अंशशोधन करतांना, म्हणजे यंत्राचा आंकडा प्रमाण-आंकड्याशीं ताडून पाहतांना, एक युक्ति योजतात. दाब एका उगमांतून देतात, प्रवाह दुसऱ्यांतून. दोघांची गांठ मापकांतच पडते. मापक ११५० वॅटांची ग्वाही देतो, पण शेगडी कोठेंच तापत नाहीं! या भासमान भाराचा मोठा उपयोग असा कीं, कोन हवा तेवढा ठेवतां येतो. तेथील प्रमाण-यंत्र त्याहून श्रेष्ठ यंत्राशीं ताडलेलें असतें, आणि ही परंपरा आपल्या देशांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. तेथें व्होल्टचें प्रमाण, ब्रायन जोसेफसन यांनीं १९६२ सालीं वर्तविलेल्या परिणामावर उभें आहे.

माझ्या मापकाला प्रमाणपत्र नव्हतें असें नाहीं. होतें, त्याची मुदतही संपलेली नव्हती. नंतर तें नीट वाचलें तेव्हां दिसलें कीं, परीक्षा केवळ शून्य कोनावर झाली होती, आणि तसा उल्लेख त्यांत स्पष्ट होता. आतां यंत्र परीक्षेला धाडतांना मी ०, ६० आणि ८४ अंश असे तिन्ही कोन लिहून देतों. त्यासाठीं शुल्क अधिक पडतें. त्या मालकाला मात्र आपला ट्रान्सफॉर्मर पुन्हां दुरुस्तीस पाठवावा लागला.